धगधगत्या ढगाचे अभ्यासक : आल्फ्रेद लाक्रवा

शेजारच्या रियुनियन बेटावरील पितों दे ला फुर्नेझ जागा झाला की आपल्या मॉरिशसमध्येही त्याची चर्चा सुरू होते. काळोख्या रात्री डोंगरावरून लाल रस ओघळत असतो आणि माणसे मुलाबाळांना घेऊन, जत्रेला आल्यासारखी दूर उभी राहून तो पाहत असतात, अशी छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यामुळे ज्वालामुखी म्हणजे हळूहळू वाहणारी आगीची नदी, तिच्या वाटेतून बाजूला झाले की धोका टळला, अशीच आपली समजूत होऊन बसली आहे. आमचीही पुष्कळ वर्षे हीच समजूत होती.

ही समजूत खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी गोष्ट जगाला कळली ती आपल्यासारख्याच एका उसाच्या बेटावर, आणि तिची फार मोठी किंमत मोजावी लागली. ती गोष्ट ज्यांनी डोंगराच्या अंगावर फिरून समजून घेतली, त्या आल्फ्रेद लाक्रवा या फ्रेंच शास्त्रज्ञाचे चरित्र आज आम्ही आपल्यासमोर ठेवीत आहोत. हे गृहस्थ पुढे आपल्या शेजारीही येऊन गेले, म्हणून ते आपल्याला अगदीच परके नाहीत.

लाक्रवा यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८६३ रोजी फ्रान्समधील माकों या गावी झाला. घराण्यात औषधे तयार करण्याचा व विकण्याचा व्यवसाय होता आणि मुलानेही तोच पुढे चालवावा अशी घरच्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे १८८३ साली ते औषधशास्त्र शिकण्यास पॅरिसला गेले व तो अभ्यास त्यांनी पुराही केला. परंतु मन रमले होते ते दगडांत. औषधांचे वर्ग आटोपले की ते खनिजशास्त्राच्या व्याख्यानांना जाऊन बसत. तेथेच फेर्दिनां फुके या नामांकित ज्वालामुखीतज्ज्ञांची नजर त्यांच्यावर पडली. ग्रीसमधील सांतोरिनीच्या ज्वालामुखीवर फुके यांनी मोठा ग्रंथ लिहिलेला होता. त्यांनी या तरुणाला आपल्या हाताखाली घेतले.

फुके यांना कातरिन नावाची मुलगी होती. तिचे व लाक्रवा यांचे लग्न ठरले, पण सासऱ्यांनी एक अट घातली : आधी डॉक्टरची पदवी, मग लग्न. आपल्याकडे मुलीचा बाप मुलाची नोकरी विचारतो, जमीन विचारतो; फुके यांनी प्रबंध मागितला. जावईही तसाच निघाला. १८८९ मध्ये त्याने पदवी मिळवली आणि मग लग्न केले. १८९३ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, लाक्रवा पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात खनिजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षापासून फ्रान्स व तिच्या वसाहतींतील खनिजांवरील त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ निघू लागला. याच वाटेने ते पुढे गेले असते तर एक विद्वान खनिजशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव ग्रंथालयांतच राहिले असते. पण १९०२ साल उजाडले.

कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक हे फ्रेंच बेट. ऊस, साखर आणि रम यांवर जगणारे. गुलामगिरी संपल्यावर तेथल्या मळ्यांत कामाला माणसे हवी होती, म्हणून १८५३ ते १८८३ या तीस वर्षांत सुमारे २५,००० हिंदी मजूर करारावर तेथे नेण्यात आले. त्यांत दक्षिणेकडील तामीळ लोक अधिक होते. आपल्या आजा-पणज्यांची जी कहाणी तीच त्यांचीही. केवळ जहाज दुसरे आणि समुद्र दुसरा. त्यांच्यापैकी पुष्कळांची वस्ती बेटाच्या उत्तरेस, बास-प्वांतच्या बाजूला होती, आणि या भागाच्या माथ्यावर उभा होता पेले डोंगर.

पेले हा रियुनियनच्या ज्वालामुखीच्या जातीचा नाही. फुर्नेझ पसरट आहे, पालथ्या ताटासारखा. पातळ लाव्हारस दूरवर पसरत जाऊन तो तयार झाला. पेले उंच आहे व त्याच्या बाजू उभ्या आहेत. लाव्हाचा एक थर, त्यावर राखेचा व दगडगोट्यांचा थर, पुन्हा लाव्हा, पुन्हा राख, अशी हजारो वर्षे रास साचून तो झाला. अशा डोंगराला थरांचा ज्वालामुखी म्हणतात. इटलीचा व्हेसुव्हियस, जपानचा फुजी, जावातील मेरापी हे सर्व याच कुळातले.

पेलेच्या पायथ्याशी समुद्रकाठी सें-पियेर नावाचे शहर होते. (आपल्या मोका जिल्ह्यातही या नावाचे गाव आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) नाटकगृह, मोठी बाजारपेठ, गजबजलेले बंदर असलेले हे शहर मार्तिनिकचे भूषण मानले जाई. डोंगराची कोणाला भीती नव्हती. १७९२ मध्ये आणि १८५१ मध्ये तो थोडासा धुमसला होता, थोडी राख उडवून गप्प बसला होता, एवढेच लोकांना ठाऊक होते.

१९०२ च्या एप्रिलअखेर डोंगरातून धूर व राख येऊ लागली. गंधकाचा वास शहरात पसरला, राखेने रस्ते पांढरे झाले. ५ मे रोजी डोंगरावरून उकळत्या चिखलाचा लोंढा आला व नदीच्या मुखाजवळचा गेरें यांचा साखर कारखाना माणसांसकट गाडला गेला. तेव्हा गव्हर्नरने एक समिती नेमली. तिच्यात शहरातील शाळेचे विज्ञानाचे प्राध्यापक लांद हेही होते. समितीने डोंगराचा नकाशा पाहिला, दऱ्या कोणत्या बाजूला उतरतात ते पाहिले आणि निष्कर्ष काढला की शहराला विशेष धोका नाही. जे काही येईल ते दऱ्यांमधून समुद्राकडे जाईल.

या समितीला नंतर लोकांनी खूप नावे ठेवली. निवडणूक तोंडावर होती, मतांसाठी माणसांना अडवून धरले, असेही आजपर्यंत सांगितले जाते. आम्हाला मात्र त्या मंडळींचा राग येत नाही. जी आग त्यांना माहीत होती ती वाहणारी होती, आणि वाहणाऱ्या आगीबाबत त्यांचा हिशेब बरोबर होता. दुसऱ्या तऱ्हेच्या आगीला त्या वेळी शास्त्राच्या पुस्तकात धड नावसुद्धा नव्हते. शिवाय गव्हर्नर स्वतः पत्नीसह शहरात येऊन राहिले होते. खेड्यांतील माणसे राखेला कंटाळून शहराच्या आसऱ्याला येत होती, त्यामुळे शहर रिकामे होण्याऐवजी भरतच गेले.

८ मे १९०२, गुरुवार, ख्रिस्ती लोकांच्या सणाचा दिवस. सकाळी आठच्या सुमारास डोंगराच्या माथ्याजवळून एक काळा ढग बाजूने बाहेर पडला. वर आकाशात न जाता तो उताराला चिकटून, लोळत, प्रचंड वेगाने खाली आला आणि एक-दोन मिनिटांत शहरावरून जाऊन समुद्रावर पसरला. जाड दगडी भिंती आडव्या झाल्या. बंदरातील जहाजे पेटली. रॉडम नावाचे एक जहाज तेवढे, अर्धे खलाशी गमावून, सेंट लुशिया बेटाला पोचले. सुमारे २८,००० माणसे मेली. गव्हर्नर, त्यांची पत्नी, प्राध्यापक लांद, सर्व त्यांत होते. खुद्द शहरात जिवंत राहिलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला एक कैदी होता, सिपारिस नावाचा. तो जाड भिंतींच्या कोठडीत होता व कोठडीचे तोंड डोंगराकडे नव्हते म्हणून वाचला.

फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने ताबडतोब एक पथक पाठवले आणि त्याचे प्रमुखपद लाक्रवा यांना दिले. २३ जूनला ते मार्तिनिकला पोचले. त्यांना शहराचे अवशेष दिसले, पण लाव्हाची नदी कोठेच दिसली नाही. मग शहर जळले कशाने? ते वस्तू तपासू लागले. काचेच्या बाटल्या मऊ होऊन वाकल्या होत्या, पण तांबे वितळलेले नव्हते. डोंगराच्या बाजूला असलेल्या भिंती पडल्या होत्या; त्याच दिशेला समांतर असलेल्या भिंती पुष्कळ ठिकाणी उभ्या होत्या. म्हणजे जे आले ते वाऱ्यासारखे आले आणि भट्टीसारखे तापलेले होते.

१ ऑगस्टला पथक परत निघाले. डोंगर निवत चालल्यासारखा वाटत होता आणि हाकललेले गावकरी आपापल्या घरी परतू लागले होते. ३० ऑगस्टला पेलेने पुन्हा तोच ढग सोडला, या वेळी मोर्न-रूज गावाच्या दिशेने, आणि आणखी हजारावर माणसे गेली. डोंगराच्या शांतपणावर विश्वास ठेवता येत नाही, हे लाक्रवा यांना या बातमीने जसे कळले असेल तसे कोणत्याही पुस्तकाने कळले नसते. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला ते पुन्हा मार्तिनिकला हजर झाले. या वेळी पत्नीही बरोबर होती. मार्च १९०३ पर्यंत त्यांनी मुक्काम हलवला नाही.

या सहा महिन्यांत त्यांनी जे पाहिले ते कोणा शास्त्रज्ञाने तोवर इतक्या जवळून पाहिले नव्हते. विवराच्या तळातून घट्ट लाव्हाचा एक घुमट हळूहळू वर येत होता. कसला आवाज नाही, कसली धावपळ नाही. भाकरी फुगावी तसा तो फुगत होता. मग नोव्हेंबरच्या सुमारास त्या घुमटातून एक सुळका निघाला. नरड्यातच थिजलेला दगड खालून ढकलला जाऊन अखंड खांबासारखा बाहेर येत होता. काही दिवशी तो दहा-दहा मीटर वाढे, वरून ढासळे, पुन्हा वाढे. १९०३ च्या मेअखेर त्याची उंची विवराच्या तळापासून ३०० मीटरच्या वर गेली. जहाजांवरून लोक तो पाहत. पुढे काही महिन्यांत तो कोसळून गेला व आज त्याचा मागमूसही नाही.

आणि याच काळात, या मुकाट वाढणाऱ्या घुमटाच्या कुशीतूनच, मधूनमधून तो जीवघेणा ढग सुटत होता. १६ डिसेंबर १९०२ रोजी लाक्रवा यांनी समुद्राकडे झेपावणाऱ्या अशा एका ढगाचे छायाचित्र घेतले. ते ज्वालामुखीशास्त्राच्या पुस्तकांत अजून छापले जाते. या ढगाला त्यांनी नाव दिले न्यूए आर्दांत, म्हणजे धगधगता ढग. हे नाव त्यांनी सासऱ्यांच्या लेखनातून घेतले. आझोर बेटांवर १८०८ साली असेच काही झाले होते आणि तेथील लोक त्याला जळता ढग म्हणत, हे फुके यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. म्हणजे गोष्ट कागदावर होती, पण तिचा अर्थ कोणाला लागला नव्हता.

लाक्रवा यांनी घुमटाचा दगड व ढगाने टाकलेला दगड शेजारी ठेवून तपासले. दोन्ही एकच निघाले. शांत घुमट आणि मारेकरी ढग हे एकाच शिलारसाचे होते. मग एक शांत व दुसरा भयंकर का? हे समजण्यासाठी आपण क्षणभर साखरेच्या कढईपाशी जाऊ या. उसाचा रस पातळ असतो तोवर त्यातले बुडबुडे वर येऊन मुकाट्याने फुटतात. पाक दाट झाला की बुडबुडा आत अडकतो, फुगतो, आणि फुटतो तेव्हा पाक उडून हात भाजतो. जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ व इतर वायू विरघळलेले असतात. रस वर येतो तसा दाब कमी होतो आणि सोडावॉटरची बाटली उघडावी तसे वायू सुटू लागतात. फुर्नेझचा रस पातळ, म्हणून वायू सहज निघून जातो व उरलेला रस वाहतो. पेलेचा रस, ज्याला अँडेसाइट म्हणतात, त्यात सिलिका अधिक असते, म्हणून तो घट्ट व चिकट असतो.

पण घट्ट रस प्रत्येक वेळी स्फोटच करतो असे नाही. तो अगदी सावकाश वर आला, तर वायूला नळीच्या भेगांतून झिरपून जायला वेळ मिळतो. मग वायू गेलेला, थिजत आलेला रस निमूटपणे घुमट बनून बाहेर येतो. तोच रस घाईने वर आला, किंवा नळीचे तोंड बुजले, तर वायू कोंडतो आणि रसाचा भुगा करून बाहेर पडतो. कधी तो भुगा मैलोगणती उंच खांबासारखा आकाशात चढतो, इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई शहर गाडले तेव्हा असाच खांब उठला होता. आणि कधी, पेलेसारखा, घुमटाची बाजू ढासळते, आत दाबलेला वायू व तापलेला भुगा मोकळा होतो, आणि हे मिश्रण हवेपेक्षा जड असल्याने उताराने खाली धावते. घुमट जितका उंच व उभा, तितकी तो ढासळण्याची भीती जास्त. महिनोन् महिने शांतपणे वाढणारा घुमट म्हणूनच धोक्याबाहेरचा नसतो.

यातील सर्वच लाक्रवा यांनी सांगितले असे नाही. वायू नळीच्या भेगांतून कसा निघून जातो, ढग जमिनीलगत इतका वेगाने का धावतो, हे पुढच्या पिढ्यांनी उलगडले, आणि पेलेच्या ८ मेच्या ढगाबद्दल तर शास्त्रज्ञांत पुढेही पुष्कळ वाद झाले. पण दोन्ही रूपे एकाच डोंगराची आहेत आणि ती एकाच उद्रेकात दिसू शकतात, हे त्यांनी १९०४ साली प्रसिद्ध केलेल्या पेलेवरील जाडजूड ग्रंथात पुराव्यानिशी मांडले. त्याच वर्षी ते विज्ञान अकादमीचे सभासद झाले. फुके यांचे निधनही त्याच वर्षी झाले.

१९०६ च्या एप्रिलमध्ये व्हेसुव्हियस भडकला. लाक्रवा तेथेही गेले. या डोंगराने त्या एका महिन्यात दोन्ही खेळ करून दाखवले होते. आधी बाजूच्या भेगांतून लाव्हा वाहिला व बोस्कोत्रेकाझे गावात शिरला. घरे गेली, पण माणसे बहुतेक चालत निघून गेली. मग माथ्यावर मोठे स्फोट झाले व राखेचा पाऊस पडला. सान जुझेप्पे गावात लोक प्रार्थनेला चर्चमध्ये जमले असता राखेच्या वजनाने छप्पर कोसळले आणि शंभरावर माणसे जागीच ठार झाली. पेलेचा ढग येथे आला नाही, पण मृत्यू आला तो लाव्हाने नव्हे, राखेने. यानंतर लाक्रवा यांनी उद्रेकांचे प्रकार पाडले : हवाईसारखे, स्ट्राँबोलीसारखे, व्हल्कानोसारखे आणि पेलेसारखे. ही नावे शास्त्रात अजून चालतात.

१९११ साली ते मादागास्करला आले आणि तेथून रियुनियनला. ज्या माणसाने पेलेचे रौद्र रूप जवळून पाहिले तो आता फुर्नेझच्या काळ्या, दोरखंडासारख्या वळलेल्या लाव्हावरून चालत होता. त्या ज्वालामुखीवरचा त्यांचा ग्रंथ मात्र बऱ्याच उशिरा, १९३६ साली निघाला. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते, जी लाक्रवा यांच्या काळी कोणाला माहीत नव्हती. ज्या खोलवरच्या उष्ण स्रोतातून आज फुर्नेझ पेटतो, त्याच स्रोतातून ८०-९० लाख वर्षांपूर्वी आपले मॉरिशस वर आले, आणि त्याच्याही फार आधी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, सह्याद्रीचे कातळही त्यातूनच पसरले, असे भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. आपल्या वाडवडिलांनी कोकणात जो काळा दगड मागे सोडला, त्याच जातीचा दगड येथे उसाची शेते साफ करताना त्यांना उचलावा लागला. त्या दगडांचे ढीग अजून शेतांत उभे आहेत.

१९१४ पासून मरेपर्यंत लाक्रवा विज्ञान अकादमीचे कायम सचिव होते. दोन महायुद्धे त्यांनी त्या जागेवरून पाहिली. मादागास्करच्या खनिजांवर त्यांनी तीन खंड लिहिले. म्हातारपणी त्यांना चरित्रे लिहिण्याचा छंद लागला. अठराव्या शतकात आपल्या मास्कारेन बेटांवर व मादागास्करमध्ये काम केलेल्या अकादमीच्या विद्वानांची माहितीही त्यांनी गोळा करून प्रसिद्ध केली. एका खनिजाला त्यांच्या सन्मानार्थ लाक्रवाइट हे नाव दिलेले आहे.

१९२९ मध्ये पेले पुन्हा जागा झाला. या वेळी सें-पियेरमध्ये नव्याने वसलेल्या लोकांनी वेळ न दवडता गाव सोडले. फ्रँक पेरेट नावाचे अमेरिकन अभ्यासक डोंगराच्या अंगावर झोपडी बांधून राहिले व त्यांनी अनेक धगधगते ढग जवळून टिपले. १९३२ पर्यंत उद्रेक चालला, नवा घुमट वाढला, तसेच ढग आले, पण १९०२ सारखी मनुष्यहानी झाली नाही. लाक्रवा तेव्हा साठी ओलांडून गेले होते. मार्च १९४८ मध्ये पॅरिस येथे वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पेले आज १,३९७ मीटर उंच आहे आणि हिरवागार दिसतो. वेधशाळा त्याच्या पोटातले लहान धक्के मोजत असते. २०१९ पासून ते वाढलेले आढळले, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये सरकारने पिवळ्या रंगाचा इशारा जाहीर केला. सें-पियेर पुन्हा वसले आहे, पण पूर्वीच्या मानाने लहानच. सिपारिसची कोठडी तेथे अजून पाहायला मिळते.